रोगाची वाहतूक : माशी, गोचीड, डास आणि आपण



पावसाळा सरत आला की शेतकी खात्याची धावपळ सुरू होते. नोंदी तपासणे, तोडणीचा कार्यक्रम लावणे, टोळ्यांचे करार, गाड्यांच्या याद्या. याच दिवसांत गटातून फिरताना सभासद आम्हाला उसापेक्षा जनावरांबद्दलच जास्त विचारतात. "साहेब, गाईच्या अंगावर गाठी आल्यात, लम्पी असंल का?" "बैल दोन दिवस उठला नाही, तिवाच म्हणायचा का आणखी काय?" आणि लगोलग, "घरात पोराला ताप आहे, डेंग्यू म्हणतात, हे सगळं एकदमच कसं काय येतं?"

आम्ही पशुवैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. औषध सांगणे आमचे काम नाही आणि या लेखात ते सांगणारही नाही. पण हंगामाच्या तोंडावर ज्या घरची दुभती गाय किंवा बैल गेला, त्या घरच्या खोडव्याला खत वेळेवर पडत नाही आणि लागणीची तारीख टळते, हे आमच्या रोजच्या पाहण्यात आहे. शिवाय वर विचारलेल्या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. हे रोग एका अंगातून दुसऱ्या अंगात आपण होऊन जात नाहीत. त्यांना कोणीतरी वाहून नेतो. उसाला गाडी लागते, तशी या रोगांनाही गाडी लागते. ती गाडी म्हणजे माशी, गोचीड, डास, पिसू असले किरकोळ वाटणारे जीव. रोग परमुलखातून आला असेल, पण त्याची गाडी आपल्याच गोठ्यात आणि आपल्याच अंगणात तयार होते. एवढी एक गोष्ट ध्यानात आली तरी या लेखाचे काम झाले.

उसावरून समजून घेऊ

ऊस उत्पादकाला ही गोष्ट नवीन नाही. मोझॅक म्हणजे केवडा रोग बेण्यातून येतो आणि पुढे मावा तो एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेतो. गवताळ वाढीचेही तसेच. बेणे आणि तुडतुडे. २००२ साली लोकरी मावा आपल्या भागात आला तेव्हा वाढे आणि पाने इकडून तिकडे नेल्याने तो किती झपाट्याने पसरला, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. एकट्याने फवारून काही साधले नाही. शेजाऱ्याचा फड तसाच असेल तर आठ दिवसांत आपला पुन्हा पांढरा. पुढे डायफा आणि मायक्रोमससारखे मित्रकीटक गावोगाव सोडले, वाढ्यांची ने-आण थांबवली, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. जनावरांचे आणि माणसांचे रोग याच वाटेने येतात आणि याच रीतीने आवरतात.

किडा रोग दोन तऱ्हांनी नेतो. पहिली तऱ्हा सुईची. एकाच सुईने दहा जनावरांना टोचले तर पहिल्याचे रक्त दहाव्यापर्यंत जाते. चावरी माशी तेच करते. एका जनावराचे रक्त पिताना ते शेपटीने झटकते, तशी ती तोंडाला लागलेले रक्त घेऊन शेजारच्यावर बसते. इथे रोग माशीच्या पोटात वाढत नाही, नुसता तोंडाला लागून जातो. लम्पीचा विषाणू मुख्यतः असा जातो.

दुसरी तऱ्हा मुरणाची. रोगाचा जंतू किड्याच्या पोटात जातो, तिथे काही दिवस वाढतो आणि मगच पुढच्याला बाधतो. मलेरियाचा जंतू डासाच्या अंगात साधारण दहा ते चौदा दिवस मुरतो. डेंग्यूचा विषाणूही असाच मुरतो आणि गोचीड तापाचा जंतू गोचिडाच्या अंगात वाढतो. म्हणून गावात पहिला रुग्ण सापडल्यावर पुढचे रुग्ण लगेच दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत, पंधरा-वीस दिवसांनी दिसतात. लोक तोवर म्हणतात, "गेलं वाटतं." गेलेले नसते, मुरत असते.

जुना धडा

ही वाहतूक माणसाला फार उशिरा उमगली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षांत पुणे, सातारा, मिरज सगळा मुलूख त्याने झोडपला. लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. प्लेग उंदराच्या पिसवेतून माणसाला होतो हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवले १८९८ साली, म्हणजे अवघ्या एका वर्षाने. आणि सावित्रीबाई गेल्या त्याच साली, ऑगस्ट १८९७ मध्ये, सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला.

या दोघांच्याही आधी हा प्रकार जनावरांत उघड झाला होता, हे पुष्कळांना माहीत नसते. अमेरिकेत गुरांना लाल लघवीचा ताप येई आणि कळपच्या कळप मरत. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी सिद्ध केले की हा रोग गोचीड नेते. मग १९०६ पासून तिथल्या सरकारने गावोगाव औषधाचे हौद बांधून प्रत्येक जनावर ठराविक दिवसांनी त्यातून काढायची मोहीम घेतली. सुरुवातीला काही ठिकाणी चिडलेल्या शेतकऱ्यांनी हौद सुरुंगाने उडवून दिले! पण मोहीम चालूच राहिली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सरहद्दीवरची पट्टी सोडता तो रोग वहाणारी गोचीड त्या देशातून निघाली. सगळ्यांनी मिळून, वर्षानुवर्षे, न चुकता केले म्हणून ते जमले. सावित्रीबाईंच्या काळी लोकांना माहिती नव्हती. आपल्याला ती आहे. उणीव आहे ती नेटाने करण्याची.

लम्पीने काय शिकवले

लम्पी त्वचा रोग १९२९ साली आफ्रिकेत झांबिया देशात प्रथम दिसला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आला. आपल्या राज्यातली मोठी साथ ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत राज्यभर फिरली. गुरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या, जनावरांची ने-आण अडली. बाजार बंद म्हटल्यावर बैल घ्यायचा कुठून आणि विकायचा कुठे, असा प्रसंग अनेक घरांवर आला. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचून त्या वर्षअखेर राज्यातल्या बहुतेक सर्व गोवंशाला संरक्षण दिले गेले. महाराष्ट्रात हा आकडा सुमारे १ कोटी ४० लाखांच्या घरात आहे. दगावलेल्या जनावरांसाठी शासनाने दुभत्या गाईस ३०, बैलास २५ आणि वासरास १६ हजार रुपये मदत दिली. पण खिल्लार जोडीची आजची किंमत आपणांस ठाऊक आहे. मदतीच्या रकमेत तसा एकही बैल येत नाही.

काही गोष्टी स्वच्छ सांगतो, कारण त्या वेळी भलत्या कंड्या पुष्कळ पिकल्या. लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही. म्हशीला हा रोग क्वचित आणि सौम्य होतो. लस टोचल्यावर दुसऱ्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून रोग गावात शिरल्यावर लस शोधत पळण्यापेक्षा पावसाळ्याच्या आधीच ती टोचून घ्यावी. टोचताना दर जनावराला सुई बदलली पाहिजे. नाही तर माशीचे काम आपणच करतो.

लस शरीर सांभाळते, माशी कमी करत नाही. एका रोगाची लस दुसऱ्याला चालत नाही. आणि कित्येक रोगांना लसच नाही. म्हणून गाडीकडे, म्हणजे किड्यांकडे वळू. प्रत्येक किड्याची पैदास वेगळ्या जागी होते. सगळ्यांवर एकच फवारा मारणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

गोचीड : भिंतीतला चोर

आपण गोचीड जनावराच्या अंगावर शोधतो. काही जातींच्या गोचिडी जनावरावर तीनेक आठवडे राहतात हे खरे. पण गोचीड ताप नेणारी जात आयुष्याचा बहुतेक काळ जनावराच्या बाहेर काढते. दगडी भिंतीच्या सांदी, गव्हाणीच्या खालची फट, दावणीच्या खुंट्याचे भोक, पत्र्याखालचे जुने लाकूड ही तिची घरे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गळून पडते, फटीत शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. पिल्ले महिनोन्‌महिने उपाशी राहून वाट बघू शकतात. म्हणून अंगावरच्या गोचिडी मारल्या तरी पंधरा दिवसांत जैसे थे.

गोचीड तापात जनावराला १०४ ते १०६ अंशांपर्यंत ताप चढतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात, दूध एकदम आटते, धाप लागते. होल्स्टीन, जर्सी संकरित गाईंना तो फार बाधतो. आपल्या खिल्लारीला तितका नाही. ज्या संकरित गाईवर आपले दुधाचे पगार चालतात, तीच या तापाला कच्ची आहे. दुसरा रोग लाल लघवीचा. कॉफीसारखी किंवा तांबडी लघवी दिसली की थांबू नये. दोन्हींवर वेळेत औषध मिळाले तर जनावर वाचते. उशीर झाला तर महागडी सलाइनसुद्धा वाया जातात. गोचीड तापाची लसही मिळते. संकरित वासरांसाठी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

बंदोबस्त असा करावा. पशुवैद्यकांनी सांगितलेले औषध, सांगितलेल्याच प्रमाणात, जनावराच्या कानात, कासेजवळ, शेपटीखाली नीट लावावे. त्याच दिवशी गोठ्याच्या भिंती आणि जमिनीवरही फवारावे. त्या वेळी गव्हाणी रिकाम्या व झाकलेल्या असाव्यात. अंड्यांवर औषध चालत नाही म्हणून सांगितलेल्या दिवसांनी पुन्हा फवारावे. औषध निम्मे घालून काटकसर केली तर गोचीड मरत नाही, उलट त्या औषधाला सरावते. फटी सिमेंटने नाही तर शेणमातीने लिंपून, वर चुना मारावा. गोठ्यात चार गावठी कोंबड्या मोकळ्या सोडाव्यात. त्या गोचिडी वेचून खातात.

एक गोष्ट आमच्या अखत्यारीतली म्हणून हात जोडून सांगतो. उसावर मारायचे कीटकनाशक घरात उरले आहे म्हणून जनावराच्या अंगावर मारू नका. दोन्ही डब्यांवर नाव सारखे दिसले तरी त्यांची तीव्रता आणि घटक वेगळे असतात. गोचीड राहिली बाजूला, जनावर विषबाधेने जाते.

आणि गोचीड नखावर चिरडू नका. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो नावाचा रक्तस्रावी ताप सापडला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्याचे निदान केले. रुग्णाची शुश्रूषा करणारी परिचारिका आणि डॉक्टरही त्यात दगावले. हा रोग जनावरात दिसत नाही, पण गोचिडातून आणि रक्तातून माणसाला होतो. आपल्याकडे घबराट करण्याचे कारण नाही. चिमट्याने काढून साबणाच्या किंवा औषधाच्या पाण्यात टाकावी, एवढीच सवय लावायची.

माशी आणि चिलट : उकिरड्याची लेकरे

घरातली माशी आणि गोठ्यातली चावरी माशी दिसायला सारख्या, पण चावरीचे तोंड सुईसारखे असते. ती जनावराच्या पायांना डसते. जनावर सारखे पाय आपटते, एका जागी गोळा होते, नीट खात नाही आणि दूध कमी देते. आपण म्हणतो, "पेंड बदलली म्हणून असंल." ही माशी ताज्या शेणापेक्षा शेण-मूत्राने भिजलेल्या कुजक्या वैरणीत जास्त वाढते. गव्हाणीखाली पडलेली वाढ्यांची उष्टी, भिजलेला कडबा, मुरघासाच्या खड्ड्याकडेचा चिखल ही तिची जागा. अंड्यापासून माशी व्हायला उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणून ही घाण आठवड्याला उचलली तर एक पिढी सुटतच नाही.

ऊस भागाला याबाबत एक जादा इशारा आहे. ब्राझीलमध्ये ऊस पेटवून तोडणे कमी झाले आणि शेतात पाचट राहू लागले. ही चांगलीच गोष्ट. पण तिथे आसवनीचा स्पेंटवॉश त्या पाचटावर सोडतात. ओल्या, आंबलेल्या पाचटात चावऱ्या माशांची एवढी पैदास झाली की साओ पाउलो आणि मातो ग्रोसो दो सुल या राज्यांत आसपासच्या गुरांना चरणे मुश्किल झाले. तेव्हा पाचट जाळा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पाचट राखलेच पाहिजे. पण ते सरीत पातळ पसरावे, गोठ्याशेजारी ढीग लावून त्यावर शेणपाणी मुरू देऊ नये. प्रेसमड आणून ठेवला असेल तर तो उघडा पावसात भिजू न देता लवकर शेतात मिसळावा किंवा खड्ड्यात मातीने झाकावा.

शेणखताच्या ढिगाला काळा प्लॅस्टिक कागद घट्ट बांधला तर आत उष्णता वाढून अळ्या मरतात, खतही चांगले कुजते. गोबर गॅस असेल तर फारच उत्तम. शेण सरळ बंद टाकीत गेल्यावर माशीला अंडी घालायला जागाच राहत नाही. कित्येकांचे संयंत्र बांधून वर्षानुवर्षे बंद आहे. ते दुरुस्त करून चालू केले तर गॅस, खत आणि माशी अशी तिन्ही कामे होतात.

तिव्याचा ताप चिलटे आणि डास नेतात. पावसाळ्यात जनावर थरथरते, लंगडते, बसले की उठत नाही. बहुतेक तीन-चार दिवसांत उठते. या दिवसांत त्याला गिळता येत नाही, म्हणून नळकांड्याने औषध किंवा काढा ढोसू नये. तो फुप्फुसात जाऊन बरे होणारे जनावर हातचे जाते. जत, आटपाडी, माण, खटावकडच्या मेंढपाळांना नीलजिव्हा माहीत आहे. तीही चिलटांचीच देणगी. चिलटे शेणमिश्रित चिखलात वाढतात. गोठ्याचे मूत्र आणि धुण्याचे पाणी नालीने दूर शोषखड्ड्यात किंवा परसातल्या झाडांना सोडावे. सायंकाळचा निंबाचा धूर घटकाभर आराम देतो, पण चिखल तसाच ठेवून धूर करणे म्हणजे रोज कर्ज काढून व्याज भरणे.

डास : रांजणातला शत्रू

डास सगळे गटारात होतात असा समज आहे. तो अर्धाच खरा. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा डास स्वच्छ पाण्यात होतो, तेही घरातल्याच. रांजण, सिमेंटची टाकी, फ्रीजमागचा ट्रे, कोंबड्यांचे भांडे, छपरावर टाकलेले टायर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत. हा डास दिवसा चावतो. त्याची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आतून घासले पाहिजे. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. हा आकडा कोणी मनाने काढलेला नाही, डासाच्या वाढीवरूनच ठरलेला आहे.

२००६ साली चिकुनगुन्याने देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण झाले. आपल्याकडे ऐन कामात गडी-माणसे गुडघे धरून बसली. २०२१ च्या जुलैत राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला, म्हणजे खेड्यात. डासाचे रोग शहराचे, असे आता म्हणता येत नाही.

मलेरियाचा इतिहास तर डोळे उघडणारा आहे. जुन्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५ नंतर धारवाड व कारवारकडे घरोघर डीडीटी फवारून मलेरिया दाबून दाखवला. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोक आजारी पडत आणि ८ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण लाखावर आले. सगळ्यांना वाटले, संपला. लक्ष सैल झाले, डास औषधाला सरावले, आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. पाटाचे पाणी वाढले, उसाचे क्षेत्र वाढले, तसे साचलेले पाणीही वाढले हे आपण विसरू नये. चाऱ्यांची गळती, पांदीतले डबके, विहिरीकडेचे खड्डे बुजवावेत. शेततळ्यात आणि न उपसत्या विहिरीत गप्पी मासे सोडावेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळवता येतात. धुराळणीचे यंत्र गावात फिरले की लोकांना बरे वाटते, पण ती उडत्या डासालाच मारते. रांजणातल्या अळीला तिचा वासही लागत नाही.

गोठा आणि घर वेगळे नाहीत

ज्या भिंतीच्या फटीत गोचीड राहते तिथेच वालुमाशी ही बारीक माशीही राहते. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला विषाणू तीच नेते आणि तो लहान मुलांच्या मेंदूवर जातो. २०२४ मध्ये गुजरातेत त्याची मोठी साथ झाली. उसाच्या बांधावरच्या गवतात, उंदरांच्या अंगावर बारीक कोळी असतात. त्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याने बरेच बळी घेतले. कोकणात दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडताप आहे. तो जंगलातल्या गोचिडीतून येतो. शिराळा, पाटणकडे जंगलात गुरे चारणाऱ्यांनी घरी आल्यावर अंग तपासण्याची सवय ठेवावी. आणि तापात डॉक्टरकडे गेल्यावर "उसात काम केलं होतं, गवत कापलं होतं, गोचीड चावली होती" हे आपणहून सांगावे. अंगावर विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर ती आवर्जून दाखवावी. एवढ्या एका वाक्यावर योग्य औषध लवकर सुरू होते.

हंगामात काय करावे

मराठवाड्यातून टोळ्या येतील, त्यांचे बैल येतील. पुसेगाव, खरसुंडीच्या बाजारातूनही जनावरे येतात. कोणी कोणाला रोग आणला हा वाद निरर्थक आहे. त्यांच्या बैलांना आपल्या गोचिडी लागतात आणि आपल्या गाईंना त्यांच्या. उचल घेऊन बैल घेतलेल्या तोडकऱ्याचा बैल मेला तर त्याचा हंगाम बुडतो, आपल्या उसाची तोड थांबते. तेव्हा त्याच्या बैलाची काळजी ही आपल्याच उसाची काळजी आहे.

१. बैल येण्यापूर्वी लस झालेली असावी आणि कानात बारा अंकी बिल्ला असावा. मुकादमांनी ही यादी गट कार्यालयात द्यावी.

२. नवीन घेतलेले जनावर निदान तीन-चार आठवडे वेगळे बांधावे, आधी गोचीड मारून मगच दावणीला आणावे.

३. अंगावर गाठी, ताप किंवा लाल लघवी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. आजारी जनावर गाडीला जुंपू नये, बाजाराला नेऊ नये. मेलेले जनावर ओढ्यात किंवा कॅनॉलकडेला न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.

४. कोप्यांची जागा डबक्यापासून दूर आणि उंचावर द्यावी. पाण्याच्या पिंपांना कापड बांधावे. पाळण्यातल्या लेकराला मच्छरदाणी असावी. ज्यांच्या रानात कोप्या पडतील त्या सभासदांनी याकडे लक्ष द्यावे.

५. घरोघर आठवड्याचा एक वार ठरवावा. त्या दिवशी रांजण घासणे, गव्हाणीखालची उष्टी उचलणे, नाली मोकळी करणे. दर महिन्याला भिंतीच्या फटी बघणे.

गोठ्याचे काम बहुधा घरच्या माउलीच्या अंगावर असते. तिला सांगून पुरुषांनी मोकळे होऊ नये. फटी लिंपणे, खड्डा खणणे ही अंगमेहनतीची कामे पुरुषांनी करावीत.

शेवटी एकच. एका सभासदाने गोठा आरशासारखा ठेवला आणि शेजारच्याचा उकिरडा तसाच राहिला, तर काही उपयोग नाही. माशीला बांध कळत नाही, डासाला सात-बारा कळत नाही. पाणी सहकाराने आणले, कारखाना सहकाराने उभा केला, लोकरी मावा गावांनी मिळून हटवला. गल्लीतल्या दहा घरांनी एकच वार धरला तर हेही होण्यासारखे आहे. बॉयलर पेटण्यापूर्वी प्रत्येक वाडी-वस्तीने आपला वार ठरवावा आणि गट कार्यालयाच्या फळ्यावर लिहून टाकावा, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.